कुशीतलं वजन

१

राजेश्वरीचा दिवस बांधून दिल्यासारखा होता. सकाळी शाळेत चित्रकलेचे तास, मग त्याच शाळेतून अक्षताला घेऊन घरी, भाकरी-आमटी, आणि ऊन टाळूवर आलं की एका छत्रीखाली दोघी मायलेकी नीलम नगरातल्या शेडकडे. नवरा सिद्धराम टेंभुर्णीत ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात कामाला होता. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. मधले सगळे दिवस या दोघींचे.

शेड महादेवप्पांची. पूर्वी तिथं टॉवेलचे माग चालायचे. माग भंगारात गेले आणि मागं उरली तेलानं काळी पडलेली फरशी आणि छताखालची लोखंडी तुळई. शेजारच्या कारखान्यातले माग मात्र अजून चालू होते. त्यांची खटखट भिंतीतून दिवसभर यायची, इतकी की कानाला ती जाणवायचीच नाही. त्या तुळईला कप्पी लावून राजेश्वरीनं आपलं काम टांगलं होतं.

काम म्हणजे कापडाचं एक मोठं, खाली निमुळतं होत आलेलं पोट. गेलेल्या आईच्या इरकल साड्या उसवून तिनं बाहेरची बाजू शिवली होती. त्यात ज्वारीची वाळलेली मुळं ओवली होती, शेडच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या काड्या, कापसाची बोंडं, उजनीच्या काठावरून आणलेलं फाटकं जाळं. आतून मेंढीची कच्ची लोकर, तिच्यात महादेवप्पांच्या शेळीचे केस आणि अक्षताचं जपून ठेवलेलं जावळ मिसळलेलं. मधोमध एक झोळीसारखा खोलगट भाग होता, आणि त्याला अस्तर होतं पाच-सहा झबल्यांचं. दोन वर्षांपूर्वी राजेश्वरीला मुलगा झाला होता. तो रडला नाही. नर्सनं दुपट्यात गुंडाळून क्षणभर तिच्या हातात दिला आणि परत घेतला. झबली तशीच कोरी राहिली होती.

पोट जसं सगळ्यांकडून थोडं थोडं घेऊन भरतं, तसं हे काम सगळ्यांकडून थोडं थोडं घेऊन झालं होतं. तिनं त्याला नाव दिलं होतं ‘कूस’. जूनमध्ये ते पुण्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं. तिथलं काम बघणारी संस्कृती दर आठवड्याला फोन करून फोटो मागायची.

एप्रिलच्या एका सोमवारी राजेश्वरीनं शेडचं कुलूप काढलं, तर कुशीचं खालचं टोक फरशीला टेकलं होतं.

शुक्रवारी ते चांगलं गुडघ्याएवढं वर होतं. दोर सैल झाला असेल म्हणून तिनं तो ओढून पुन्हा बांधला. बांधताना जोर लागला. दुसऱ्या दिवशी टोक पुन्हा फरशीला.

२

लोकर हवेतली ओल धरते, हे तिला माहीत होतं. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये ओल कुठली? दोरीवर टाकलेला टॉवेल आपण वळेपर्यंत वाळत होता. उंदीर शिरला असेल, पाल असेल, असं करत करत तिनं शेवटी झोळीची शिवण एका बाजूनं उसवली आणि सगळी लोकर बाहेर काढली. हातानं पिंजून पाहिली. काही नव्हतं. नुसती लोकर, काळी-पांढरी, मेंढीच्या वासाची. अस्तराला तळहात लावला तेव्हा मात्र तिला तो चटकन मागं घ्यावासा वाटला. बाहेर पत्रा तापून कडकडत होता आणि ते झबल्यांचं कापड रांजणाच्या बुडासारखं गार होतं.

तिनं लोकर परत भरली, शिवण घातली. त्या दिवशी शिवताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं. अक्षता दाराशी बसून कापडाच्या चिंध्यांची बाहुली करत होती.

“आई, त्याच्यात काय आहे?”

“लोकर.”

“मग ते हललं कसं?”

वाऱ्यानं, असं राजेश्वरी म्हणाली. वारा नव्हता.

३

सुट्टी लागायच्या आधीच अक्षताच्या शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. आधी राजेश्वरीनं सेफ्टी पिन लावली. मग हूक आत घेतला. मग पुन्हा पिन लावली. पोरगी खात होती नीट, उलट जास्तच. दोन भाकऱ्या खाऊन तिसरीचा तुकडा मागायची. तरी आंघोळ घालताना तिच्या पाठीचे मणके राजेश्वरीच्या बोटांना लागायला लागले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, जंताचं औषध दिलं, छातीचा फोटो काढला. सगळं व्यवस्थित. उन्हाळ्यात होतं असं, म्हणाले, आंबे खाऊ द्या.

शेडच्या अंगणात महादेवप्पांचाही तक्रारीचा सूर होता. चैत्र सरला तरी कडुनिंबाला पालवी नव्हती. दरवर्षी या दिवसांत त्याच्या मोहोरानं अंगण पांढरं व्हायचं. यंदा नुसत्या काटक्या. शेळीही आटली होती. दोन पिल्लं तिच्या कासेला ढुशा देऊन थकायची आणि बाजूला जाऊन गप्प उभी राहायची.

“खायला कमी नाही, अक्का,” महादेवप्पा म्हणाले. “पण जातंय कुठं, तेच कळंना.”

त्या दुपारी राजेश्वरीला कूस वर ओढताच आली नाही. दोर तळहाताला कापत गेला, पण कप्पी जागची हलली नाही. तेव्हा तिनं हिशेब मांडला आणि लगेच पुसूनही टाकला. साडीचा माणसाशी, झाडाचा पोरीशी काय संबंध? आपण झोपत नाही नीट, म्हणून असलं सुचतं. असं तिनं स्वतःला बजावलं. घरी आल्यावर मात्र अक्षताला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. पोर वर आली ती चिपाडासारखी.

४

लोकर द्यायची ती बजाबाई, मंगळवेढ्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. तिच्या घरी मेंढरं होती आणि ती स्वतः घोंगड्यांसाठी सूत काढायची. ठरल्याप्रमाणे मे महिन्याच्या सुरुवातीला ती पोतं डोक्यावर घेऊन एसटीनं आली. दोन वर्षांच्या ओळखीत दोघींचं चांगलं जमलं होतं. आपली लोकर पुण्याला भिंतीवर लागणार याचं बजाबाईला हसू यायचं.

या वेळी ती कुशीपुढं उभी राहिली आणि हसली नाही. गाभण मेंढी चाचपावी तसे तिनं दोन्ही पंजे झोळीच्या खाली लावले, जरा दाबले, थांबली, पुन्हा दाबले.

“भरलीया ही,” ती म्हणाली.

राजेश्वरीनं हसायचा प्रयत्न केला. लोकर ठासून भरली आहे मावशी, म्हणाली.

बजाबाईनं हात पदराला पुसले. एकदा पुसले, परत पुसले. चहा नको म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बसली. मग हळूहळू बोलली. ज्या मेंढरांची लोकर इथं दिली, तीच तेवढी हाडं-हाडं झाली होती. बाकीची त्याच रानात चरून टुणटुणीत.

“चारा हाय, पानी हाय. पर अंगाला लागतच न्हाय. डागदर झाला, देव झाला.”

“मावशी, मी काय करू?” राजेश्वरीनं विचारलं. आपण हे विचारतो आहोत याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

“मला काय ठावं गं बाई,” बजाबाई म्हणाली. “मला ठावं असतं तर माझी मेंढरं अशी वाळली असती का?”

पोतं तिनं आत ठेवलं नाही. तसंच डोक्यावर घेऊन ती स्टँडकडे परत गेली.

५

त्याच आठवड्यात एका दुपारी वीज गेली. शेजारचे माग एकामागून एक थांबले. खटखट तुटली आणि शेडमध्ये इतकी शांतता उतरली की राजेश्वरीला आपल्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. अक्षताला त्या दिवशी शेजारणीकडं ठेवलं होतं. हल्ली तिला इथवर चालवत नव्हतं.

आणि मग तो आवाज ऐकू आला. अगदी बारीक. चुट, चुट, मग घोट गिळल्याचा आवाज, मग क्षणभर विसावा, मग पुन्हा चुट, चुट.

नळ असेल. पण शेडला नळ नव्हता. पाल चुकचुकत असेल. पण पालीला घोट गिळताना कुणी ऐकलंय? तिनं भिंतींना कान लावला, खिडकीची झडप उघडून पाहिली, फरशीवर वाकून पाहिलं. सगळीकडं शोधून झाल्यावर जिथं शोधायचं टाळलं होतं तिकडं तिनं तोंड केलं. कूस स्थिर होती. फक्त झोळीच्या एका जागेचं कापड आत ओढलं जात होतं आणि सुटत होतं, आत ओढलं जात होतं आणि सुटत होतं.

अक्षताच्या वेळी रात्रंदिवस ऐकलेला आवाज. आईला तो शिकवावा लागत नाही.

वीज आली, माग सुरू झाले, आवाज त्यांच्याखाली बुडाला. राजेश्वरीनं पदर सावरला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ब्लाउज समोरून ओला आहे. घाम म्हणून तिनं बोटं लावली. बोटं चिकट झाली. दोन वर्षांपूर्वी गोळ्या घेऊन, पट्टे बांधून जिरवलेलं दूध होतं ते.

६

सिद्धराम शनिवारी आला आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. तो समजूतदार माणूस होता. मध्ये बोलला नाही, हसलाही नाही. रविवारी सकाळी तिघंही शेडवर गेली. अक्षताला त्यानं कडेवर घेतलं होतं आणि वाटेत तो एकदाच म्हणाला की ही फार हलकी झालीय गं.

शेडमध्ये त्यानं कुशीच्या खाली हात घातला आणि ती सहज उचलली. एका हातानं.

“यात काही वजन नाही, राजेश्वरी. बघ की.”

तिनं हात लावला. तिच्या हाताला ते दगडासारखं लागत होतं. दोघं एकाच वस्तूला धरून उभी होती आणि एकमेकांकडं बघत होती.

मग त्याला अस्तर दिसलं. पिवळं झबलं त्यानंच आणलं होतं, नवी पेठेतून. त्यानं त्याची कड दोन बोटांत धरून पाहिली. नंतर म्हणाला, अगदी हळू आवाजात, की हे उसवून टाकू. प्रदर्शन राहू दे. आपण दोघं मिळून उसवू, आणि ही झबली कुणाला तरी देऊन टाकू.

तिला बरं वाटलं. कुणीतरी ठरवावं एवढंच तिला हवं होतं. तिनं कात्री घेतली आणि झोळीचा पहिला टाका कापला.

बाहेर कट्ट्यावर बसलेली अक्षता “आई” म्हणाली. ओरडली नाही. काहीतरी टोचल्यावर माणूस बोलतो तसं बोलली. आत येऊन तिनं स्वतःच्या कुशीवर हात दाबून धरला. “इथं दुखलं.”

फ्रॉक वर करून दोघांनी पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. योगायोग, असं सिद्धराम म्हणाला. पण कात्रीकडं बघत म्हणाला. राजेश्वरीनं दुसरा टाका कापला. अक्षता उभ्या जागी खाली बसली आणि तिचे ओठ पांढरे झाले.

सिद्धरामनं बायकोच्या हातातून कात्री काढून घेतली. ती त्यानं टेबलाच्या पार मागच्या कडेला सरकवली. मग त्यानंच सुई-दोरा शोधला, तिच्या हातात दिला, आणि राजेश्वरीनं ते दोन टाके परत घातले.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं सिद्धराम अक्षताला घेऊन टेंभुर्णीला गेला. इथून लांब नेऊ, एवढंच त्याला सुचलं होतं.

लांब नेऊन काही झालं नाही. चौथ्या दिवशी तिथल्या दवाखान्यात पोरीला सलाईन लावलं. सिद्धरामनं फोनवर सांगितलं की डॉक्टर चांगले आहेत, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. एवढं बोलून तो रडायला लागला. राजेश्वरीनं त्याला रडू दिलं. तिला काय करायचं ते त्या वेळी कळलं होतं. अडाणी वासरालाही कळतं ते, की ज्याला भूक आहे त्याला दुसरं कुठंतरी प्यायला मिळालं तर तो पहिली जागा सोडतो.

७

दुपारी ती शेडवर गेली. दार आतून लावलं. बाहेर माग खडखडत होते. फरशीवर मांडी घालून तिनं ब्लाउजची बटणं काढली आणि झोळीच्या त्या गार जागेला छाती लावून बसली.

बराच वेळ काही झालं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. चार भिंतींत चिंध्यांच्या गाठोड्याला पाजायला बसलेली, शाळेत मुलांना रंग शिकवणारी बाई. उठावं म्हणून तिनं हात टेकला. तेवढ्यात कापडाखालून काहीतरी वळलं, चाचपडलं, आणि त्याला सापडलं.

तिनं डोळे मिटून घेतले. दुखत होतं. पहिल्या दिवसांत दुखतं तसंच. आणि तिच्या नकळत तिचा तळहात झोळीच्या पाठीवर थोपटायला लागला. पलीकडून कापडाला एक लहानसा उंचवटा आला, तिच्या तळव्याखाली सरकला, थांबला. टाच होती ती. टाचच होती. तिनं डोळे उघडले असते तर कापड ताणून उमटलेली बोटंही दिसली असती. तिनं उघडले नाहीत.

घरी येईतो फोन वाजला. अक्षतानं मऊभात मागितला होता आणि खाल्ला होता. दुसरी वाटीही मागितली होती.

त्यानंतर ती रोज जायची. मे संपेपर्यंत अक्षताच्या गालांवर मांस आलं. अंगणातल्या कडुनिंबाला, महादेवप्पांच्या भाषेत, उशिरा अक्कल आली; सगळ्या अंगानं कोवळा लाल पाला फुटला. शेळी मात्र विकून झाली होती. बजाबाईचा फोन आला की मेंढरं अंग धरायला लागली. काय केलंस, असं तिनं विचारलं नाही. राजेश्वरीनंही सांगितलं नाही.

तिच्या स्वतःच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या. केस विंचरताना मूठ भरून हातात यायचे. संस्कृतीचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं की काम पाठवता येणार नाही. झालं नाही का, असं संस्कृतीनं विचारलं. होतंय, असं राजेश्वरी म्हणाली.

सिद्धराम अक्षताला घेऊन परत आला. बायकोकडं बघून त्याला सगळं समजलं. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघींपैकी एक निवडावी लागली असती, आणि ते त्याच्यानं होणार नव्हतं. त्यानं तूप आणलं, खारका आणल्या, डिंकाचे लाडू आणले. बाळंतिणीचं सगळं आणलं. त्या खाण्याला काय म्हणायचं ते मात्र दोघांनीही म्हटलं नाही.

८

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीचा दिवस. सिद्धराम टेंभुर्णीला गेलेला. राजेश्वरी भिंतीला धरत धरत शेडवर पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

कूस हलकी झाली होती. खिडकीची झडप उघडी होती आणि वाऱ्यावर ती हलत होती. झोळी रिकामी पडून लोंबत होती आणि तिची शिवण खालपर्यंत उलगडली होती. कापलेली नव्हती. टाके एकेक करून आतून सोडवले होते, आणि दोऱ्यांची टोकं ओली होती. झबल्यांचं अस्तर जागेवर नव्हतं.

ती फरशीवर काही आहे का ते बघत थांबली नाही. उन्हात, चप्पल न घालता, ती घराकडं पळाली. पळाली म्हणजे तिला वाटलं पळते आहे. रस्त्यावरची माणसं तिला ओलांडून पुढं जात होती.

घराचं दार उघडं होतं. अक्षता स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, गुबगुबीत, गालांवर ऊन पडलेलं. समोर दुसरा पाट मांडला होता. पाटाच्या पुढं फरशीवर ओली पावलं होती, राजेश्वरीच्या बोटाएवढी. ती दारापासून थेट ओट्याच्या आडोशापर्यंत गेली होती.

“आई, तू कुठं होतीस?” अक्षता म्हणाली. “याला चालता येतं. एकटाच आला.”

राजेश्वरीनं आडोशाकडं पाहिलं. पिवळ्या कापडाची कड दिसली, आणि त्या कडेला धरलेली मूठ. मुठीचा रंग कच्च्या लोकरीसारखा होता. त्याच्या वर काय होतं ते बघायला मान उचलावी लागली असती.

तिनं मान उचलली नाही. पोरीला उचलून बाहेर पळावं असं तिच्या मनात आलं आणि तिथंच विरलं. पोर आता जड झाली होती, आणि तिच्या स्वतःच्या अंगात बळ उरलं नव्हतं. शिवाय पळून कुणापासून पळायचं होतं?

“त्याला भूक लागलीय,” अक्षता म्हणाली. “मी दिलं तर घेत नाही. तुझ्याच हातचं पाहिजे म्हणतो.”

कुकरमध्ये सकाळचा भात होता. राजेश्वरीनं तो ताटलीत काढला, वरण घातलं, तूप घातलं, आणि खाली बसून बोटांनी मऊ कालवला. डोळे तिनं अक्षताच्या चेहऱ्यावरून हलू दिले नाहीत. ओट्याच्या आडून काहीतरी सरपटत आलं आणि तिच्या मांडीवर चढून बसलं.

तिनं घास पुढं केला. बोटांना ओठ लागले. ते गार होते, आणि त्यांच्या आत दात होते. घास गेला. क्षणभर थांबून मांडीवरून तोंड उघडल्याचा आवाज आला.

राजेश्वरीनं दुसरा घास कालवला.